कोयता म्हणजे दोन माणसं

खडकदरा, ता. आष्टी
१४ मे १९८६

चि. सौ. चतुरास, केशरअक्काचे आशीर्वाद.

पत्राची सुरुवात खुशालीने करतात. मी करणार नाही, कारण तुझी लेक सुभद्रा खुशाल नाही. तिचा उजवा हात मनगटाच्या वर मोडला आहे. आष्टीला नेऊन प्लास्टर घातलं. तिच्या सासूने, बायनाबाईने, दवाखान्यात सांगितलं की सून विहिरीवर पाय घसरून पडली. ते खोटं आहे. मी तिथेच होते.

आमच्याकडे टँकर दुपारी येतो आणि पाणी गावच्या कोरड्या विहिरीत ओतून जातो. मग आम्ही बाया चारी बाजूंनी पोहरे सोडून तेच पाणी शेंदतो. गढूळ व्हायच्या आत जिला मिळेल तिला. सुभद्राच्या हातून दोर सुटला आणि पोहरा दोरासकट आत गेला. तुझा जावई आश्रुबा काठावर बिडी ओढत बसला होता. तो उठला, शेजारणीचा दोर ओढून घेतला, दुहेरी केला आणि सुरू झाला. शेवटी तिला हाताला धरून असं भिरकावलं की ती कठड्याच्या दगडावर आदळली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

मी मधे गेले. माझ्याही खांद्यावर एक बसला. म्हणाला, "मावशे, मधी पडू नकू. तुला धनी असता तर तुला बी कळलं असतं."

विहिरीवर पंधरा-वीस बाया होत्या. एकीचाही पोहरा थांबला नाही. रुक्मिणीबाई शेंदता शेंदता म्हणाली, "दोरासगट पोहरा सोडला बया तिनं. आता त्यानं काय तिची आरती करावी?" आणि दोघी-तिघी हसल्या.

सुभद्रा माझ्या घरी आहे. तू ये. सुंदररावांना घेऊन ये, नाहीतर एकटी ये. पण ये आणि तिला घेऊन जा.

तुझी,
केशरअक्का


परळी वैजनाथ
२ जून १९८६

तीर्थस्वरूप गं. भा. केशरअक्कास, चतुराचा साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून जीव कासावीस झाला. दोन दिवस भाकर गोड लागली नाही. पण अक्का, राग मानू नकोस, पोहरा सोडला म्हटल्यावर कुणालाही राग येणार. आख्खं गाव टँकरची वाट बघतं आणि हिच्या हातून दोर सुटतो, म्हणजे हिचं लक्ष कुठे होतं? लहानपणापासून ती अशीच वेंधळी आहे. हात मोडायला नको होता, ते मलाही कळतं. पण त्याने काही मुद्दाम मोडला नसेल. दुष्काळाने माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही.

आमच्या मालकांना मी हाताचं सांगितलं नाही. थर्मल वीजकेंद्राच्या गेटापुढे आमचं चहाचं हॉटेल कसंबसं चालतं, त्यात धाकटीच्या सोयरिकीचं बोलणं सुरू आहे. थोरली नांदत नाही असं कानावर गेलं तर धाकटीला कोण पत्करेल? म्हणून म्हणते, प्लास्टर सुटलं की तिला तिच्या घरी पोचव. तिला सांग, तोंड मिटून राहा, विचारल्याशिवाय घराबाहेर जाऊ नकोस. न सांगता बाहेर गेली आणि मार बसला तर मी आई असून त्यालाच बरोबर म्हणेन.

तुझं वेगळं होतं अक्का. दाजी देवमाणूस. तुला बोटसुद्धा लागलं नाही, त्यामुळे तुला हे मोठं वाटतं. आम्ही सगळ्यांनी खाल्लंच आहे. मी नाही का नांदले? काय वाईट झालं माझं?

इकडे राखेने सगळं पांढरं झालंय. वाळत घातलेलं लुगडं झटकून घ्यावं लागतं. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही हल्ली. थर्मलच्या भोंग्याने कान बसतात म्हणे इकडे. बाकी ठीक.

तुझी,
सौ. चतुरा


खडकदरा
२० जून १९८६

चि. सौ. चतुरास आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आई म्हणून एक ओळ तरी सापडेल असं वाटलं होतं. "हात मोडायला नको होता." म्हणजे हात सोडून बाकीचं मोडलं तर चाललं असतं?

पाझर तलावाच्या कामावर आम्ही बाया खडी फोडतो. काल जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना विचारलं, "बायांनो, नवऱ्यानं कावून, कशापायी मारलं तर बरोबर?" आधी हसल्या. मग एकेक सुरू झाली.

"भाकर करपली तर."

"सासूला उलट बोलली तर."

"न सांगता कुठं गेली तर." ही तुझीच ओळ. तिथेही कुणीतरी म्हणालंच.

"लेकरू रडत टाकून गप्पा हाणीत बसली तर. म्हंजी आता आपुन बसलोत तशी." यावर लई हसल्या.

छबुबाई म्हणाली, "माझा न्हाई बाई उगं मारीत. कारण असंल तरच मारतो."

मी म्हणाले, "आन कारण नसंल तर?"

"तर काढतो की!"

चतुरा, मीही हसले. हसू आलं आणि लगेच अंगाचा तिळपापड झाला. छबुबाईच्या भुवईवर टाके आहेत. ती ते टाके घेऊन हसत होती.

रुक्मिणीबाई म्हणाली, "केशरबाईला मार बसला न्हाई, म्हून ती इचारती. कल्याणराव लई गरीब माणूस. बायकूला भ्यायचा."

तो मला भीत नव्हता. हे मला त्या सगळ्यांना ओरडून सांगायचं होतं, पण मी भाकर बांधून उठले. दोन वर्षं झाली त्याला उसाच्या गाडीखाली जाऊन, अजून त्याचं नाव कुणी घेतलं की मला तिथे बसवत नाही. तर ऐक. एकदा उसाच्या फडात तोडताना माझ्या हातून कोयता निसटला आणि त्याच्या पोटरीत घुसला. आतलं पांढरं दिसलं. तो खाली बसला, पटका फाडून बांधला आणि म्हणाला, "केशर, पाणी दे. आन जरा लांब हुबी राहून तोड." एवढंच. पोहऱ्यापेक्षा पोटरी महाग होती की नाही? त्याचाही दिवस वाईट होता, त्यालाही ऊन लागत होतं, तोही पुरुषच होता. म्हणून मला दुष्काळाचं सांगू नकोस. ज्या वर्षी आमच्याकडे बाजरी कणगीत मावली नाही, त्या वर्षीही आश्रुबाचा बाप बायनाबाईला मारत होता. तेव्हा काय सांडलं होतं?

खडी फोडताना मला एक कळलं. या बाया मार बरोबर आहे म्हणतात, कारण तो चूक आहे म्हटलं तर पुढचा प्रश्न येतो: मग तू तिथे का राहतेस? त्याचं उत्तर असं आहे की जायला जागा नाही. घर नवऱ्याचं, रान सासऱ्याचं, आणि माहेरी तुझ्यासारखी आई. ते उत्तर तोंडातून काढण्यापेक्षा "माझंच चुकलं" म्हणणं सोपं पडतं. मी चुकले म्हटलं म्हणजे उद्या न चुकता वागून वाचता येईल असं तरी वाटतं. बायनाबाई आयुष्यभर असं न चुकायला बघत आली. आता ती सुनेच्या चुका मोजते.

सुभद्राला मी पोचवणार नाही. गाव मला बोलतं. रांडमुंड बाईने सवाशिणीचा संसार मोडला म्हणतात. म्हणू देत.

केशरअक्का

ता. क. भोंगा सगळ्या परळीला ऐकू जातो. सगळ्यांचे डावेच कान गेलेत का?


परळी वैजनाथ
२८ सप्टेंबर १९८६

ती. गं. भा. केशरअक्कास सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण बातमी चांगली आहे म्हणून लिहिते. काल जावईबापू स्वतः आमच्याकडे आले! दोन एसट्या बदलून, नारळ आणि सुभद्रासाठी हिरवं लुगडं घेऊन. मालकांच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाले, "मामा, चुकलं माझं. तिच्याबिगर घर खायला उठतंय. माझी अस्तुरी माझ्या पदरात घाला." हॉटेलातली गिऱ्हाईकं बघत होती. पुरुषमाणूस चारचौघांत रडला अक्का. माया असल्याशिवाय कुणी रडेल का?

सोबत राधाकिशन म्हणून मोठे गृहस्थ होते, तुमच्या भागातले मुकादम. त्यांनीही समजूत घातली. म्हणाले, पोराची हमी माझी. परक्या माणसाने एवढ्या लांब यावं, किती मोठं मन!

मालकांनी शब्द दिला आहे. तेव्हा सुभद्राला दसऱ्याच्या आधी सासरी पोचव. हे पत्र तिला वाचून दाखव. सुभे, तुझी आई सांगते, झालं गेलं विसर. त्याने मान खाली घातली, आता तू ताठ राहू नकोस.

तुझी,
सौ. चतुरा


खडकदरा
१६ ऑक्टोबर १९८६

चतुरा,

तुझं पत्र मी सुभद्राला वाचून दाखवलं. मनात आलं होतं की शेवटच्या चार ओळी गाळाव्यात. पण तुझ्याच पाटीवर, तुझ्या शेजारी बसून मी अक्षरं शिकले. मला शाळेत घातलं नव्हतं. त्या अक्षरांनी खोटं वाचवेना. तिने ऐकलं, हिरवं लुगडं नेसली आणि गेली. जाताना म्हणाली, "आईनं सांगितलंय, मावशी."

आता तुला एक सांगते. तुमच्याकडे ऊसतोडीला जात नाहीत, म्हणून तुला माहीत नसेल. आमच्याकडे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. कोयता म्हणजे जोडी. नवरा तोडतो, बायको जमेल तेवढं तोडते, मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीत चढवते. मुकादम उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला, एकट्या माणसाला नाही. कल्याणराव गेला त्या वर्षी मी याच राधाकिशनकडे गेले होते, मला घे म्हणून. तो म्हणाला, "केशरबाई, अर्ध्या कोयत्याचं मी काय करू?"

आश्रुबाने उचल घेऊन ठेवली होती आणि दसरा जवळ आला होता. बायको नसती तर तो अर्धा होता. म्हणून मुकादम दोन एसट्या बदलून तुझ्या दारी आला. मोठं मन कसलं? हिशेबाचा माणूस आहे तो. बैल जोडीला कमी पडला की शेतकरी बाजारात जातो आणि बैलाच्या पाठीवरून हातही फिरवतो. तुझा जावई तसा रडला. आणि तू ते रडणं बघून मुलगी दिलीस, दुसऱ्यांदा.

परवा ट्रक गेले. सुभद्रा मागच्या ट्रकमध्ये भांड्यांच्या बोचक्यावर बसली होती. मोडलेला हात अजून पुरता वळत नाही. त्या हाताने तिला सहा महिने मोळ्या बांधायच्या आहेत.

मला पत्र लिहू नकोस.

केशर


परळी वैजनाथ
२० जानेवारी १९८७

ती. अक्कास नमस्कार.

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहिते. सुभद्राचं काहीच कळत नाही. दिवाळीनंतर एक पत्र आलं होतं, दुसऱ्या कुणाच्या हातचं. तिला दिवस गेल्याचं होतं त्यात. मी दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. मालक म्हणतात, कामात असेल. परवा स्वप्नात ती विहिरीत वाकून बघत होती.

तुमच्या गावची माणसं त्याच तळावर असतील ना? कुणाला काही कळलं का ते विचार, एवढं कर. मी तुझ्या पाया पडते.

चतुरा


सहकारी साखर कारखाना, ऊसतोड तळ
११ फेब्रुवारी १९८७

चतुरास,

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात छबुबाईचा दीर तळावरून गावी आला. त्याच्याकडून जे कळलं ते ऐकून मी घराला कडी लावली, आढ्याला खोचलेला कल्याणरावाचा कोयता काढला, पिशवीत घातला आणि एसटीत बसले. हे पत्र मी तळावरूनच लिहिते आहे.

बसून वाच.

सुभद्राचं मूल गेलं. चौथा महिना होता. गाडीला लावलेल्या फळीवरून मोळी घेऊन चढताना तिचा तोल गेला आणि मोळी खाली पडली. सुटली, विखुरली. गाडी खोळंबली. आश्रुबाने तिला फडातच लाथ मारली, पोटात. मग तिनेच ती मोळी पुन्हा बांधली आणि चढवली. मूल संध्याकाळी गेलं, कोपीत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीत, दाराला लुगडं आडवं लावून. दोन दिवस गेले आणि तिसऱ्या दिवशी ती परत फडात होती.

मी आले तेव्हा कोपीपुढे बाया होत्या. मला म्हणाल्या, "मोळी पडली व मावशी तिच्या हातून." तशाच बोलल्या. जशा विहिरीवर बोलल्या होत्या. मी अशी ओरडले की बैल बिथरले. म्हटलं, "मोळी परत बांधता येती गं! तिचं लेकरू परत बांधून दावा!" तेव्हा कुठे एकीने, चतुराबाई तिचं नाव, तुझंच नाव, पदर तोंडात घातला. दुसऱ्या दिवशी तीच माझ्याबरोबर दवाखान्यात आली आणि डॉक्टरपुढे म्हणाली, "म्या बघितलं. लाथ घातली त्यानं." असं बोलणारी मला आयुष्यात ही पहिली बाई भेटली. डॉक्टर म्हणाले, पोलिसात कळवावं लागेल. आश्रुबाला हे समजलं आणि त्या दिवसापासून तो तळावर नाही.

सुभद्राला ताप आहे. मी तिला विचारलं. काय चुकलं म्हणून नाही, फक्त विचारलं, "कावून मारलं गं?" मला वाटलं म्हणेल, मोळी पडली. ती वर बघत म्हणाली, "त्याचा हात मोकळा झाला व्हता, मावशी. कोयता खाली ठिवला व्हता त्यानं." आणि थोड्या वेळाने, "मोळी पडली नसती तरी मारलं असतं." चतुरा, तुझ्या पोरीला हे कळायला एक हात आणि एक लेकरू द्यावं लागलं. तुला आणि मला काय काय द्यावं लागेल?

आता कामाचं. राधाकिशन कोपीपाशी आला. म्हणाला, "नवरा पळाला. उचल अंगावर हाय. बाईला मी जाऊ द्यायचो न्हाई. उद्यापासून फडात यावं लागंल तिला, कुणासंगट बी लावून देतो."

मी विचारलं, "मुकादम, कोयता म्हंजी काय?"

"दोन माणसं."

"बाप्या आन बाई, असं कुठं ठरलंय?"

"दोन बाया?" तो हसला. "मावशे, तोडणार कोण?"

मी पिशवीतला कोयता काढला. तो एक पाऊल मागे सरला, ते मला बरं वाटलं. म्हटलं, "ह्याच्यानं मी तोडती. तुझ्याच टोळीत बारा वरसं तोडलंय. गाडी चढवायला दुसरी येतीया. पोरगी कोपीत निजून ऱ्हाईल. पट्टा पडला, हंगाम सरला की उचल फिटली, पोरगी मोकळी. तिच्या नवऱ्याचं नाव तू परत काढायचं न्हाई."

"दुसरी कोण येतीया?"

"तिची आई," मी म्हणाले.

त्याने आठ दिवस दिलेत. तोवर मी तोडते आणि इथली चतुराबाई आपली मोळी चढवून माझीही चढवते. तिचा नवरा तिच्याकडे बघून दात खातो. ती जास्त दिवस करू शकणार नाही.

मी तुला न विचारता तुझं नाव सांगितलं. तू नाही आलीस तर सुभद्रा उठून फडात जाईल आणि यावेळी ती मरेल. कारखान्याच्या कमानीवर "सहकारी" असं माणसाएवढ्या अक्षरांत लिहिलं आहे. आत कोण कोणाला सहकार करतं ते मला अजून वाचता आलेलं नाही. मला फक्त एक माणूस हवं आहे, अर्ध्याला अर्धं. मुकादमाशी पुढचं भांडण नंतर. तुझ्याशीही.

केशरअक्का


परळी वैजनाथ, स्टेशन
१६ फेब्रुवारी १९८७

अक्का,

हे पत्र पोचायच्या आत मीच पोचेन बहुतेक. तरी लिहून पेटीत टाकते आहे, म्हणजे गाडीत बसायच्या आत माझं मन फिरलं तरी पत्र फिरणार नाही.

तुझं पत्र मालकांनी आधी वाचलं. म्हणाले, "कुठं जायचं न्हाई. पोरीचं नशीब." सकाळी हॉटेलात दूध तापवून ठेवलं, धाकटीला माझ्या बहिणीसारख्या शेजारणीकडे, तुझ्याच नावाच्या बाईकडे, बसवलं आणि निघाले. न सांगता. याच कारणासाठी मारलं तर बरोबर, असं मीच तुला लिहिलं होतं. ते पत्र तुझ्याकडे असेल तर चुलीत घाल.

मी कधी मोळी उचलली नाही. हंडे उचललेत, दुधाचे कॅन उचललेत, सिमेंटची पोतीसुद्धा उचललीत. शिकेन. सुभीला सांग आई येते आहे. तिने तोंड फिरवलं तरी सांग. लेकराचं मला तिथे आल्यावर सविस्तर सांगा, दोघींनी, काही न गाळता. मी काय लिहून कुणाला कुठे पाठवलं, ते मला पुरतं ऐकायचं आहे.

एक लक्षात ठेव. फडात मला हाक मारशील ती उजव्या बाजूने मार. डावीकडून गाडी येत असली तरी मला कळणार नाही. माझा तो कान भोंग्याने गेलेला नाही.

चतुरा